रत्ना कुंभोजकरचे एकशे सत्तेचाळीस तास

फ्रिस्कोतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत रत्ना कुंभोजकर सकाळी सात दहाला पोचते. शाळा सात पन्नासला भरते. मधल्या चाळीस मिनिटांत ती दुसरीच्या वर्गातल्या मागच्या टेबलावर सहा पेन्सिली, सहा लहान पांढरे फळे आणि सहा पुस्तकं मांडून ठेवते. वर्गात बावीस मुलं. त्यांतली सहा वाचनात मागे आहेत आणि ती सहा रत्नाच्या टेबलाशी बसतात. तिचा हुद्दा शिक्षिकेचा नाही, मदतनीसाचा आहे. पाच वर्षांत त्या वर्गाच्या तीन शिक्षिका बदलल्या. येणाऱ्या प्रत्येकीला कपाटाची किल्ली कुठे असते आणि कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे रत्नानेच सांगितलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्याध्यापिका मिसेस डन यांनी तिला ऑफिसात बोलावलं. पुढच्या ऑगस्टमध्ये शाळेत एक जागा रिकामी होणार होती. रत्नाची बॅचलर्स डिग्री मे महिन्यात पुरी झाली, तर ती जागा तिला मिळेल. नाही झाली, तर जाहिरात द्यावी लागेल, आणि जाहिरात दिली की शंभर अर्ज येतात. मिसेस डन यांना गुळमुळीत बोलायची सवय नाही.

डिग्रीला अठरा तास उरले होते. इथे तास म्हणजे क्रेडिट अवर: एक विषय साधारण तीन तासांचा धरतात आणि एकशेवीस तास झाले की डिग्री मिळते. सहा तास अमेरिकेच्या इतिहासाचे राहिले होते. बाकीचे बारा जानेवारीत सुरू होणाऱ्या वसंत सत्रातले, त्यांतले सहा प्रत्यक्ष वर्गात उभं राहून शिकवण्याचे. रत्नाने कागदावर मांडणी केली आणि तो फ्रिजवर लावला.

चौदा ऑक्टोबरला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसातून ईमेल आली. चालू सत्र धरून तुमचे एकशे सत्तेचाळीस तास झाले आहेत, दीडशेच्या पुढच्या प्रत्येक तासाला रहिवाशाचा दर लागू होणार नाही, परराज्यातल्या विद्यार्थ्याचा दर लागेल, असं तिच्यात म्हटलं होतं. तो दर जवळजवळ तिप्पट होता.

रत्नाला वाटलं, ईमेल चुकून आली असावी. आपले एकशेवीससुद्धा झालेले नाहीत, मग दीडशे कसे होतील?

चूक नव्हती. टेक्सासचं सरकार आपल्या विद्यापीठांना रहिवासी विद्यार्थ्यांच्या तासांमागे अनुदान देतं, म्हणून रहिवाशांची फी कमी असते. या अनुदानाला कायद्याने मर्यादा आहे. डिग्रीला लागतात त्याहून तीस तास जास्त चालतात, त्यापुढच्या तासांना सरकार पैसे देत नाही, आणि विद्यापीठ ती कसर विद्यार्थ्याकडून भरून काढू शकतं. करदात्यांच्या पैशांवर कोणी वर्षानुवर्षं कॉलेजात रेंगाळू नये, वेळेत शिकून बाहेर पडावं, असा त्यामागचा हिशेब. त्यात एक बारकावा आहे. विद्यार्थी ज्यात पास झाला तेवढेच तास मोजत नाहीत, ज्याला बसला ते सगळे मोजतात. नापास झालेला विषय मोजतात, पुन्हा घेतलेला मोजतात. सत्राच्या बाराव्या दिवसानंतर सोडलेला विषयही मोजतात.

रत्नाचे तास कसे साठले, ते समजायला बारा वर्षं मागे जावं लागतं.

ती इचलकरंजीची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २००५ मध्ये, उल्हास कुंभोजकरशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी ती टेक्सासला आली. डिग्री राहिली. उल्हास बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. ती नोकरदाराच्या बायकोला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. मुलगी सावनी २०१२ मध्ये बालवर्गात गेली आणि रत्ना कम्युनिटी कॉलेजात जाऊ लागली. एकटी नाही. चौघी जणी एका सिएना गाडीतून जायच्या, सगळ्या एच-फोर, सगळ्यांची मुलं त्याच शाळेत. त्यांची विषय निवडण्याची पद्धत सोपी होती: साडेनऊनंतर सुरू होणारा आणि पाऊणच्या आत संपणारा विषय घ्यायचा, कारण पावणेतीनला शाळा सुटते आणि त्याआधी स्वयंपाक व्हायला हवा. अशा रीतीने रत्ना अकाउंटिंग शिकली, खगोलशास्त्र शिकली, फोटोग्राफी शिकली. हॉस्पिटलातल्या नोंदी ठेवण्याचा एक विषय शिकली, तो कशासाठी घेतला हे तिला आज सांगता येत नाही. अमेरिकेचा इतिहास त्या कॉलेजात नेहमी दुपारी दोनला असायचा, म्हणून तो कायम मागे पडत गेला.

डिग्री म्हणजे फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर, विषय विद्यापीठाने ठरवलेले, हे चौघींना माहीत होतं. इथे विषय आपण जमवायचे आणि ते एका डिग्रीत बसवायचे, ही जबाबदारी आपली, हे कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, पण ऐकू आलं नाही.

सल्ला मिळायचा तो लता मावशींकडून. लता मावशी आणि त्यांचे यजमान पुरुषोत्तम काका नव्वदच्या दशकात आलेले, इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या कमिटीतले. २०१४ च्या वसंत सत्रात व्हिसाच्या शिक्क्यासाठी अचानक मुंबईला जावं लागलं तेव्हा रत्नाने त्यांना विचारलं, घेतलेल्या दोन विषयांचं काय करू?

"अगं, डब्ल्यू घे," मावशी म्हणाल्या. "डब्ल्यू म्हणजे विथड्रॉ. मार्कशीटवर नुसता डब्ल्यू येतो, जीपीएच्या सरासरीला धक्का लागत नाही. मी सहा घेतलेत."

"मग आत्ताच सोडू का?"

"आत्ता कशाला? फी भरलीयस ना? जाईपर्यंत बस की वर्गात. तेवढंच कानावर पडेल."

रत्ना विमानात बसायच्या आदल्या दिवसापर्यंत वर्गात बसली. मग डब्ल्यू घेतला. मुंबईत शिक्का अडकला आणि ती सात आठवडे राहिली. २०१६ मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली तेव्हा आणखी दोन डब्ल्यू. २०१८ मध्ये वडील गेले तेव्हा आणखी दोन. सहा विषय, अठरा तास. जीपीएला धक्का लागला नाही, हे मावशींचं बरोबर होतं.

२०१९ मध्ये, तोवर नोकरीची परवानगी मिळालेली होती, ती शाळेत मदतनीस म्हणून लागली. शिक्षिकाच व्हायचं हे तेव्हा ठरलं. २०२१ मध्ये कम्युनिटी कॉलेजातले तास घेऊन तिने विद्यापीठात प्रवेश घेतला आणि संध्याकाळचे व ऑनलाइन विषय करत इथवर आली.

ईमेलनंतरच्या गुरुवारी ती विद्यापीठात सल्लागाराला भेटली. देवांग मेहता, वय तिशीच्या आत, जन्म ह्यूस्टनचा. गुजराती घरातला, पण संभाषण इंग्रजीत झालं. त्याने तिची सगळी सत्रं स्क्रीनवर उघडली आणि खाली सरकवत गेला.

"हे स्टॅटिस्टिक्स दोनदा दिसतंय."

"हो."

"पहिल्यांदा नापास?"

"नाही. बी होता."

"मग परत का घेतलं?"

"बी होता ना," रत्ना म्हणाली.

देवांगने तिच्याकडे पाहिलं. "आणि सायकॉलॉजी? तेही दोनदा."

"त्यातही बी. चौऱ्याऐंशी मार्क होते. दुसऱ्यांदा एक्क्याण्णव मिळाले."

असे चार विषय निघाले. बारा तास.

"मिसेस कुंभोजकर, बी म्हणजे चांगला ग्रेड आहे," देवांग म्हणाला. "इथली मुलं बी मिळाला की पार्टी करतात. माझ्या मम्मीला तुम्ही भेटायला हवं. माझ्या प्रत्येक बीनंतर तिने दोन दिवस जेवण सोडलंय."

रत्ना हसली नाही. तिने पर्समधून वही काढली आणि विचारलं, आता काय करता येईल?

देवांगने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, परीक्षा देऊन मिळवलेले तास या मोजणीत धरत नाहीत. इतिहासाच्या सहा तासांसाठी क्लेप नावाच्या दोन परीक्षा असतात, त्या पास झाली तर वर्गात बसायची गरज नाही. तरी वसंत सत्राचे बारा उरतात. त्यांतले तीन दीडशेत बसतात, नऊ वर जातात. शिकवण्याचे सहा तास परीक्षेने मिळत नाहीत. या नवांसाठी दुसरी गोष्ट: आर्थिक अडचणीचा अर्ज. वाढीव दरामुळे कुटुंबाची खरोखर ओढाताण होणार असेल, तर विद्यापीठ तो दर माफ करू शकतं. करेलच असं नाही.

"घरात काही बदल झालाय का? आजारपण, नोकरी?"

रत्नाने वही मिटली. "नवऱ्याशी बोलते," म्हणाली.

उल्हासची नोकरी बावीस मार्चला गेली होती. अठरा वर्षं एका कंपनीत, शेवटची सहा सीनियर मॅनेजर, आणि शुक्रवारी सकाळी अकरा मिनिटांचा कॉल. ग्रीन कार्ड २०२२ मध्ये आलेलं असल्यामुळे देश सोडावा लागणार नव्हता. कंपनीने दिलेले चार महिन्यांचे पैसे जुलैत संपले. घराचा हप्ता चालू होता आणि सावनी पुढच्या वर्षी कॉलेजला जायची होती. आता रत्नाचा मदतनीसाचा पगार आणि साठवलेलं यांवर घर चाललं होतं.

हे घराबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. इचलकरंजीत नाही, मंडळात नाही. कोणी विचारलं तर उल्हास सांगायचा, "कन्सल्टिंग करतोय." रोज सकाळी नऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि फ्रिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर चारपर्यंत बसायचा. त्याच रांगेत आणखी दोन-तीन देशी माणसं तशाच शर्टांत, तशाच बॅगा घेऊन बसलेली असायची. कोणी कोणाला ओळख दाखवायचं नाही. एकदा पुरुषोत्तम काका तिथे वर्तमानपत्र वाचायला आले.

"काय उल्हास, आज सुट्टी?"

"नाही काका. कुठूनही काम करता येतं हल्ली."

"मजा आहे बुवा तुमची," काका म्हणाले.

रत्नाने अर्ज छापून आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. पाच पानं. तिसऱ्या पानावर जोडीदाराचा व्यवसाय, गेल्या वर्षभरात उत्पन्नात झालेला बदल, आणि जोडीदाराची सही.

उल्हासने ते उभ्याउभ्या वाचलं. "हे कोण वाचणार?"

"कमिटी."

"त्यात तो देवांग आहे का? तो आपल्या लीगमध्ये क्रिकेट खेळतो. पुरुषोत्तम काकांच्या जावयाच्या टीममध्ये."

"तो कमिटीत नाही. आणि असला तर?"

"असला तर रविवारी ग्राउंडवर सगळ्यांना कळेल, यार."

"कळू दे. मार्चपासून सात महिने झाले उल्हास. तुझं इन-शर्ट करून वाचनालयात बसणं कोणाला फसवतंय?"

"एक सेमिस्टर थांबलो तर? मला जानेवारीत काहीतरी मिळेल."

"थांबले तर जागा जाते."

"पुढच्या वर्षी दुसरी निघेल."

"मी एकोणचाळीस वर्षांची आहे," रत्ना म्हणाली. "पुढच्या वर्षी चाळीसची असेन. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या टेबलावर बसतेय. जागा आत्ता आहे."

कर्ज काढायचं नाही हे दोघांचं आधीच ठरलं होतं, त्यावरून वाद झाला नाही. वाद त्या एका रकान्यावरून झाला आणि दोन दिवस चालला. शेवटी जोडीदाराचा व्यवसाय या रकान्यात उल्हासने लिहिलं: स्वतंत्र सल्लागार. उत्पन्नात झालेला बदल या रकान्यात लिहिलं: काही प्रमाणात घट. सही केली. रत्नाने वाचलं आणि तसंच पाठवून दिलं. तिने नंतर सांगितलं की त्या वेळी तिला ते पुरेसं वाटलं होतं. मंडळात सगळे इतकंच सांगतात आणि सगळे समजून घेतात. कमिटीसुद्धा समजून घेईल, असं तिने धरलं.

अर्ज गेल्यावर ती इतिहासाला लागली. पहिली परीक्षा वसाहतींपासून यादवी युद्धानंतरच्या काळापर्यंत, दुसरी तिथपासून आजवर. शिकवणी सावनीने घेतली. सावनी बारावीत होती आणि हाच विषय आदल्या वर्षी शाळेत करून बसली होती.

"क्लासला न जाता नुसती परीक्षा द्यायची म्हणजे आमच्याकडचा सतरा नंबरचा फॉर्म," रत्ना तिला म्हणाली.

"व्हॉट्स दॅट?"

"शाळेत न जाता बोर्डाला बसायचं. बाहेरून."

"सो, यू आर अ ड्रॉपआउट."

"डोकं नको खाऊ. विचार पुढचा."

सावनी कार्डं बनवायची, एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला घटना. रत्नाची सालं पाठ व्हायची, कारणं व्हायची नाहीत. सावनी वैतागायची. "आई, नोबडी केअर्स अबाउट द डेट. व्हाय डिड इट हॅपन?" सालाला मार्क मिळत नाहीत, हे रत्नाच्या डोक्यात शिरायला तीन आठवडे लागले. उल्हास हे जेवणाच्या टेबलावरून ऐकत असे. कधीकधी उत्तर आधी सांगून टाकायचा आणि दोघींकडून ओरडा खायचा.

सहा डिसेंबरला अर्जाचा निकाल आला. नामंजूर. कारण एका वाक्यात दिलं होतं: अर्जदाराच्या जोडीदाराचा व्यवसाय सुरू असल्याने कुटुंबाचं उत्पन्न बंद झाल्याचं दिसत नाही. फेरविचार हवा असल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत कागदपत्रांसह अर्ज करावा.

रत्नाने देवांगला फोन केला. त्याने अर्ज उघडून पाहिला.

"सल्लागार लिहिलंय. कन्सल्टिंगचं उत्पन्न किती आहे?"

"शून्य."

"शून्य म्हणजे?"

"नोकरी मार्चमध्ये गेली."

"मग हे असं का लिहिलं?"

ती म्हणाली, "आमच्यात तसं म्हणतात."

"ठीक आहे," देवांग म्हणाला. "कमिटीला 'आमच्यात' माहीत नाही. कागदावर आहे तेवढंच ते वाचतात. नोकरी गेल्याचं कंपनीचं पत्र लावा, बेरोजगार भत्त्याचे कागद लावा. आणि तुमच्या मिस्टरांचं पत्र हवं, त्यांच्या शब्दांत. आधीच्या अर्जातल्या माहितीची दुरुस्ती करत आहोत, असं सरळ लिहा."

"भत्ता घेतलाच नाही," रत्ना म्हणाली.

"का?"

उल्हासने नाव नोंदवलं नव्हतं, कारण नोंदवलं की आपण बेरोजगार आहोत हे कुठेतरी लिहिलं जातं.

त्या शनिवारी मंडळाची कमिटी मीटिंग होती. उल्हास खजिनदार असल्यामुळे गेला. घरी येऊन सोफ्यावर बसला. रत्ना कपड्यांच्या घड्या घालत होती. देवांगने काय काय मागितलं ते तिने त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यानेच विचारलं, "किती दिवस उरले?"

"दहा."

"मी पत्र लिहितो."

पहिला मसुदा त्याने रविवारी सकाळी लिहिला. दीड पान. कंपनीच्या पुनर्रचनेनंतर नव्या संधींचा शोध घेण्याच्या टप्प्यावर असलेला अनुभवी व्यावसायिक, असं काहीतरी होतं. सावनीने वाचलं.

"बाबा, हे लिंक्डइन आहे."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते."

दुसरा मसुदा चार वाक्यांचा होता. माझी नोकरी २२ मार्च २०२४ रोजी गेली. तेव्हापासून मला काहीही उत्पन्न नाही. आधीच्या अर्जात मी स्वतःला सल्लागार लिहिलं, ते खरं नव्हतं, आणि ती चूक माझी आहे, माझ्या पत्नीची नाही. तिची डिग्री मे महिन्यात पूर्ण व्हावी म्हणून मी हे लिहून देत आहे.

"'खरं नव्हतं' लिहू नकोस," रत्ना म्हणाली. "देवांगने दुरुस्ती म्हणायला सांगितलंय."

"राहू दे," उल्हास म्हणाला. "दुरुस्ती म्हटलं की ते परत विचारतील, कसली."

कंपनीचं पत्र त्याच्या कपाटात, पासपोर्टांच्या पाकिटात होतं. ते त्याने स्वतः स्कॅन केलं. सगळं सोमवारी गेलं. त्याच आठवड्यात रत्नाने दोन्ही परीक्षा दिल्या, मंगळवारी आणि गुरुवारी, शाळेतून दोन अर्धे दिवस रजा घेऊन. दोन्ही पास. दुसरीत फक्त सहा गुणांनी. सावनीने आईचा निकाल पाहून विचारलं, "हे पण परत देणार का?"

फेरविचाराच्या निकालाची वाट पाहण्याचे चार आठवडे होते आणि त्यात नाताळची सुट्टी होती. वसंत सत्र तेरा जानेवारीला सुरू होणार होतं. रत्नाने बारा तासांची नावनोंदणी करून ठेवली. फी भरायची शेवटची तारीख दहा. फी न भरल्यास नावं आपोआप निघतात. शिकवण्याच्या सत्रासाठी मिसेस डन यांनी तिला त्याच शाळेत एका शिक्षिकेबरोबर जोडून दिलं होतं, आणि ही जोडणी विद्यापीठाच्या यादीत नाव असेल तरच टिकते. जानेवारीचा पहिला सोमवार गेला. मंगळवारी रत्नाने देवांगला फोन केला, त्याला माहीत नव्हतं. बुधवारी तिने केला नाही.

नऊ जानेवारीला, गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी ईमेल आली. ती तेव्हा मुलांना बसच्या रांगेत उभं करत होती. वसंत सत्र २०२५ पुरता वाढीव दर माफ करण्यात येत आहे. ही सवलत पुढे लागू राहणार नाही. खाली कोणाचं नाव नव्हतं, फक्त ऑफिसचं. तिने सहाही मुलं बसमध्ये चढवली, मग उल्हासला मेसेज केला: झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरली.

बातमी मंडळात पसरलीच. देवांगकडून नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लता मावशींनी रत्नाला विचारलं, डिग्रीचं कुठवर आलं, आणि रत्नाने सगळं सांगितलं, उल्हासच्या नोकरीसकट. मावशी तिळाच्या वड्या देता देता थांबल्या.

"मार्चपासून? आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"आता बोलले ना."

"आणि ते डब्ल्यू मोजतात? खरंच?"

"मोजतात मावशी."

"मला कोणी कधी सांगितलं नाही," मावशी म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "मी डिग्री घेतलीच नाही, म्हणून कळलं नसेल."

पुढच्या दोन महिन्यांत मंडळातल्या तिघांनी उल्हासला वेगवेगळं गाठून सांगितलं की आपलीही नोकरी गेलेली आहे. त्यांतला एक वाचनालयातल्या रांगेतलाच होता. त्याच्या ओळखीतून उल्हासला मे महिन्यात मुलाखत मिळाली आणि जूनमध्ये नोकरी. ती व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, एका डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपनीत. पगार आधीपेक्षा कमी. घरून काम चालणार नव्हतं.

तोवर रत्नाची डिग्री झाली होती. पदवीदान समारंभ शनिवारी होता, पण ती गेली नाही. त्या दिवशी तिची शिक्षक परवान्याची परीक्षा होती आणि दुसरी तारीख थेट जुलैतली होती. विद्यापीठाच्या अंतिम नोंदीत मोजलेले तास एकशे एकोणसाठ आहेत.

अ‍ॅशबर्नच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा उल्हासने विचारलं, सगळे जाऊ या का? व्हर्जिनियातही शाळा आहेत. रत्ना म्हणाली, तिथला परवाना वेगळा, पुन्हा कागद, पुन्हा मुलाखती, आणि मी मिसेस डनना हो म्हटलंय. जुलैच्या शेवटी तो गाडी घेऊन एकटा गेला. तिथे एका तेलुगू कुटुंबाच्या तळघरातली खोली त्याने भाड्याने घेतली आहे. महिन्यातून एकदा येतो. सावनी कॉलेजसाठी ऑगस्टमध्ये ऑस्टिनला गेली. फ्रिस्कोच्या चार खोल्यांच्या घरात सध्या रत्ना एकटी आहे.

वर्ग मिळाला, पण दुसरीचा नाही. ऐनवेळी चौथीची एक तुकडी वाढली आणि मिसेस डन यांनी रत्नाला ती दिली. गणित आणि विज्ञान, शाळेच्या मागच्या मैदानातल्या, उचलून हलवता येणाऱ्या पोर्टेबल खोलीत. तिथला एसी आवाज करतो आणि पावसात दारापासून मुख्य इमारतीपर्यंत मुलांना रांगेत पळवावं लागतं. तिने तक्रार केली नाही. यादीत चोवीस नावं होती. तिच्या हाताखाली मदतनीस नाही. चौथीला ती सोय नसते.

पहिल्या आठवड्यात बुधवारी जेवणाच्या सुट्टीत उल्हासचा फोन आला. तिच्या टेबलावर पहिल्या चाचणीचे पेपर होते, त्यांतले नऊ तपासून झाले होते.

"कसा आहे वर्ग?" त्याने विचारलं.

"दोघांना भागाकार येत नाही. एक जण बोलतच नाही."

"आणि तू?"

"मला अकरा मिनिटं आहेत," रत्ना म्हणाली. "पंधरा पेपर राहिलेत. संध्याकाळी करते."

तिने फोन ठेवला आणि दहावा पेपर घेतला.